क्लेमच्या पडद्यावरचा ठिपका

सत्तराव्या वाढदिवसाला मुलींनी क्लेम टॉनकिनला नवा मॉनिटर दिला आणि तिसऱ्याच दिवशी त्याला त्यात खोट सापडली. काळ्या पडद्यावर मधोमध, जरासा डावीकडे, एक पांढरा ठिपका. सुईच्या टोकाएवढाच, पण हटायला तयार नाही.

दुसऱ्या कुणाचं काही अडलं नसतं. पण क्लेम तीस वर्षं कूनाबराब्रन गावात ठिपके हुडकायचंच काम करत आलेला. परसातली दुर्बीण रात्रभर आपली आपण फोटो काढायची आणि सकाळी चहाबरोबर हा एकेक दीर्घिका न्याहाळायचा. कालपर्यंत नसलेला ठिपका दिसला, तर तो फुटलेला तारा. जो पहिल्यांदा नोंदणीच्या संकेतस्थळावर कळवेल, त्याच्या नावावर लागणार. क्लेमच्या नावावर असे दोन होते. ठिपके हुडकणाऱ्याच्याच पडद्याला ठिपका! त्याच्या डोक्यात तिडीक गेली.

डब्बो शहरातल्या मॉनिटरच्या दुकानदाराला त्याने फोन केला.

"एका पिक्सेलसाठी बदलून मिळत नाही दोस्ता. पाच झाले की ये."

"म्हणजे आणखी चार बिघडायची वाट बघत बसू?"

"नियम आहे, मी काय करू?"

मग क्लेमने स्वतःच कंबर कसली. झरझर रंग बदलणारा एक प्रोग्राम त्याने त्या जागेवर सहा तास चालवला. नंतर पडदा बंद करून, पेन्सिलीच्या रबराला ओलसर रुमाल गुंडाळून ती जागा हलकेच दाबत बसला.

"मालीश चाललंय वाटतं," बायको नॉरीन म्हणाली. "माझे गुडघे कधीचे ठणकतायत, त्यांचाही नंबर लाव."

संध्याकाळी ठिपका गेला. क्लेमने दोन्ही मुलींना फोन करून फुशारकी मारली.

"असले परत येतात म्हणे," नॉरीन पचकली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला गिलगांड्राहून ग्लेनिसचा फोन आला. तिला हे वेड क्लेमनेच लावलं होतं, त्याला बावीस वर्षं झाली, आणि अजून तिच्या नावावर एकही तारा नव्हता. कळवण्याआधी दुसऱ्याच्या फोटोशी ताडून बघायचं, ही या मंडळींची रीत.

"क्लेम, आपली ती तिरकी दीर्घिका उघड. डाव्या फाट्याचं टोक बघ. मला काहीतरी दिसतंय."

क्लेमने रात्रीचा फोटो उघडला. डाव्या फाट्याच्या टोकाला ठिपका होता. पडद्यावर नेमका तिथेच, जिथे काल दाबून दाबून त्याचं बोट सुन्न झालं होतं. आला का मेला परत, तो मनात म्हणाला.

"माझ्याकडे काही नाही गं."

"नक्की?"

"नक्की. तुझ्या कॅमेऱ्याचा खेळ असेल."

"बरं. मग नाही कळवत."

क्लेम पुन्हा रुमाल घेऊन बसला. तासभर झाला तरी ठिपका ढिम्म. शेवटी वैतागून त्याने फोटो जरा बाजूला सरकवला, तर ठिपकाही फोटोबरोबर सरकला. पडद्यावरचा ठिपका कधी सरकत नसतो. पिक्सेल कालच बरा झाला होता, यानेच विश्वास ठेवला नव्हता. त्याने गेल्या महिन्याचा फोटो उघडून पाहिला. त्यात त्या जागी काहीही नव्हतं.

कळवायचं पान उघडायला आणि स्वतःचं नाव घालायला दोन मिनिटं लागली असती. तसा विचार त्याच्या मनात आलाही, आणि त्याची त्याला लाज वाटली. त्याने फोन लावला.

"ग्लेनिस, तारा आहे! मी गाढव आहे. आत्ताच्या आत्ता कळव."

पलीकडे बटणं खडखडली आणि थांबली.

"जपानमधल्या कुणीतरी कळवलाय. वीस मिनिटांपूर्वी."

"चूक माझी आहे. मी लिहून कळवतो, आधी तू पाहिलास म्हणून."

"त्याने काही होत नाही. तूच शिकवलंयस ना?"

"पण तू तरी माझं कशाला ऐकलंस? तुला तुझ्या फोटोत दिसत होता ना?"

"दिसत होता की. चारही फोटोंत दिसत होता," ग्लेनिस म्हणाली. "पण तू नाही म्हणालास."