पांढऱ्या पेशींचा दुष्काळ

लातूर जिल्हा झाला आणि विज्ञानाच्या इतिहासात या मातीचं नाव कोरलं जाण्याची वेळ येऊन ठेपली. निदान जनावरांच्या दवाखान्यातले डॉक्टर ग्यानोबा सोनकांबळे यांना तसं वाटत होतं. कोरायचं ते कागदावर, आणि कागदाच्या माथ्यावर अजून 'जिल्हा उस्मानाबाद' छापलेलं होतं. नवा जिल्हा होऊन दोन वर्षं झाली होती, पण जुना साठा संपल्याशिवाय नवा मिळणार नव्हता. डॉक्टर प्रत्येक कागदावर उस्मानाबाद खोडत आणि वर लातूर लिहीत.

पाऊस रुसलेला. त्यात शहरातली कुत्र्यांची पिल्लं मरू लागली. आधी उलटी, मग रक्ताची हगवण, तिसऱ्या दिवशी खेळ खलास. लोकांनी खापर उन्हावर फोडलं, कारण ऊन तक्रार करत नाही.

डाळमिलवाल्या शांतम्माच्या कुत्रीला सहा पिल्लं झाली होती. चार गेली. उरलेली दोन टोपल्यात घालून ती दवाखान्यात आली.

"डाक्टरसाब, ही दोन तरी राखा. कस्तुरी म्हातारी झाली, आता तिला पुन्हा पिल्लं व्हायची न्हाईत."

"अव्वा, ही तर चांगली खेळून राहिलीत."

"ती चारबी खेळूनच राहिली होती."

डॉक्टरांकडे फक्त एक आकडा होता. चौथ्या पिल्लाचं रक्त त्यांनी ते मरायच्या आदल्या दिवशी काढलं होतं. पांढऱ्या पेशी बारा हजाराच्या आसपास असायला हव्या होत्या, निघाल्या आठशे. पट्टीबंधक विरूपाक्ष म्हणाला, "साहेब, काच पुसून बघा." काच पुसल्यावर सातशे ऐंशी निघाल्या.

दोन वर्षांपूर्वी याच मिलमधली मांजरं अशीच मेली होती आणि त्यांच्याही रक्तात पांढऱ्या पेशी जवळजवळ नव्हत्याच. डॉक्टरांनी एका शास्त्रीय मासिकात वाचलं होतं, की कुत्र्यांचा हा नवा रोग मांजरांच्या त्या जुन्या रोगाचा भाऊबंद आहे. परदेशात तर कुत्र्यांची लस तयार होईपर्यंत मांजरांचीच लस कुत्र्यांना टोचली होती.

"कुत्र्याला मांजराची लस?" विरूपाक्ष म्हणाला. "आन् त्याला कळलं तर?"

"आपण सांगायचं नाही."

लस मुंबईहून मागवावी लागणार होती आणि त्यासाठी वरची मंजुरी. रोगाचं इंग्रजी नाव वर कुणाला झेपणार नाही म्हणून डॉक्टरांनी साध्या मराठीत विषय लिहिला: 'लातूर शहरातील कुत्री व मांजरे यांच्यातील पांढऱ्या पेशींचा दुष्काळ, त्यावर तातडीने उपाय करणेबाबत.' लसीचं नाव दुसऱ्या पानावर होतं.

दोन दिवसांनी कचेरीतून बोलावणं आलं. विषयात 'दुष्काळ' दिसल्यामुळे कागद थेट अमृतराव कारकुनांच्या टेबलावर गेला होता. त्या टेबलावर सगळे दुष्काळच जमत.

"डॉक्टरसाहेब, दुष्काळ जाहीर करायचा अख्त्यार तुम्हाला कुणी दिला?"

"अहो, तो रक्तातला दुष्काळ आहे."

"कुठला का असंना. खुद्द सरकार दुष्काळ म्हणत न्हाई, टंचाईसदृश परिस्थिती म्हणतंय. आन् तुम्ही कुत्र्यामांजरासाठी सरळ दुष्काळ लावून राहिलात?"

डॉक्टरांनी तिथंच उभ्याउभ्या खोडलं आणि लिहिलं: 'पांढऱ्या पेशींची टंचाईसदृश परिस्थिती.'

"आता कसं बसलं! आणेवारी किती?"

"कशाची?"

"पेशींची. आणेवारीबगर कागद सरकत न्हाई."

डॉक्टरांनी मनातल्या मनात त्रैराशिक मांडलं. बारा हजार म्हणजे सोळा आणे, तर आठशे म्हणजे... "एक आणा."

अमृतरावांचा पेन थांबला. जिल्ह्यातल्या सगळ्यात भकास गावाचंही पीक चार आण्यांच्या खाली उतरलं नव्हतं. "एक आणा? अरारारा!" ते म्हणाले आणि कागद त्यांनी स्वतः उठून साहेबांकडे नेला. दुसरं पान वाचायला दोघांनाही सवड झाली नाही.

चौथ्या दिवशी दवाखान्यासमोर पाण्याचा टँकर उभा राहिला. सोबत विहिरीत टाकायच्या ब्लीचिंग पावडरची दोन पोती.

"साहेब, पांढरी पेशी ही वस्ती कुठं आली?" ड्रायव्हर म्हणाला. "सकाळपासून हुडकून राहिलो."

डॉक्टर त्याला परत पाठवणारच होते, तोच त्यांची नजर पोत्यांवर गेली. मासिकात आणखी एक गोष्ट होती: हा विषाणू जमिनीत महिनोन्‌महिने टिकतो, तो ब्लीचिंगने मरतो, आणि दवाखान्यात ज्याच्या वासावर सगळ्यांचा विश्वास होता त्या फिनाईलला मुळीच जुमानत नाही.

"वस्ती मिलच्या मागं आहे," डॉक्टर म्हणाले. "चला, दाखवतो."

मिलपाशी आधी गल्लीतल्या बायांनी घागरी भरून घेतल्या. त्यावर बोलायची डॉक्टरांची छाती नव्हती. उरलेल्या पाण्यात पावडर कालवून विरूपाक्षने अंगण, पायऱ्या, कस्तुरीची जागा, सगळं घासून काढलं. पिल्लं तेवढा वेळ पलीकडच्या गोदामात होती.

"लस आणली का, डाक्टरसाब?" शांतम्माने विचारलं.

"लस न्हाई आली, अव्वा. हे आलंय."

"मग हेच करा. चांगलं करा."

सहाव्या दिवशी एका पिल्लाने उलटी केली. डॉक्टर सायकलवर आले, पायरीवर बसले आणि चमच्याचमच्याने त्याला मीठसाखरेचं पाणी पाजू लागले. शांतम्मा दारात उभी होती. संध्याकाळच्या सुमाराला पिल्लाने चमचाच चावायला घेतला. रक्त तपासलं तर पेशी नऊ हजार.

"हा रोग नव्हे, अव्वा. यानं काहीतरी जास्त खाल्लंय."

"डाळीची चुरी," शांतम्मा म्हणाली आणि पहिल्यांदा खाली बसली. "पोत्यात तोंड घालून खाल्ली मेल्यानं."

महिना गेला, दुसरा गेला. दोन्ही पिल्लं मिलच्या फाटकाशी येणाऱ्याजाणाऱ्यावर भुंकू लागली. डॉक्टरांनी बारा पानांचा शोधनिबंध लिहिला, काचेखालच्या पेशींची चित्रं स्वतः काढली आणि त्याच मासिकाला धाडला.

संपादकांचं उत्तर पोस्टकार्डावर आलं. दोन पिल्लं जगली यावरून काहीही सिद्ध होत नाही, असं त्यांनी कळवलं होतं. आणि ते बरोबरच होतं.