चाळीस फसलेले राब

हौसाने चष्म्याची काच पदराने पुसली आणि कागद पुन्हा डोळ्यांजवळ धरला.

"माझा राब फसला? चाळीस वेळा?"

"कागदावर हो, मावशी." हर्षित हसला. तो कल्याणहून टोकावड्याला गाडीने आला होता आणि ओट्यावर टेकण्याआधी त्याने रुमाल अंथरला होता. त्याच्या सॉफ्टवेअर कंपनीने एक अॅप काढलं होतं. भाताचं बी पेरण्याआधी पालापाचोळा पसरून राब भाजायचा, तो कधी आणि कोणत्या बाजूने पेटवायचा, ते आता मोबाइल सांगणार होता. "संशोधनाला करात सवलत मिळते. पण काही फसल्याशिवाय सरकार त्याला संशोधन मानत नाही."

"त्या अॅपातलं समदं माझ्याकडनं इचारून लिवलंस तू. ह्याच ओट्यावर. एका दुपारात."

"तीन वर्षं दाखवलीत आम्ही, तुमच्या शेतात. तुमची सही नसेल तर सवलत गेली. मग शेखरला ठेवणं मला जमणार नाही."

तिचा मुलगा शेखर त्याच कंपनीत कामाला होता. तो दाराच्या चौकटीला टेकून उभा होता.

"हे तू लिवलंस?"

"होय, आय."

ती अंगणात थुंकली. हर्षितने पाय आखडून घेतले. सासूने शिकवल्यापासून तिचा एकही राब कच्चा राहिला नव्हता. शेजारच्या वैशाखरे गावच्या बाया तिला विचारायला यायच्या.

"नाय करायची सही."

"आय," शेखर हळू म्हणाला, "तारखा वाच. मग ठरव."

"तारखांचं काय आता!" हर्षितने घड्याळ पाहिलं.

ती बोट ठेवून वाचू लागली. नऊ ऑगस्टला राब पेटवला, फसला. चौदा ऑगस्ट. बावीस ऑगस्ट. तीनही वर्षांचे सगळे राब ऑगस्टातले. तेव्हा भाताची आवणी, म्हणजे रोपांची लावणी, होऊन महिना उलटलेला असतो, शेतात घोटाभर पाणी असतं. आणि शेखर तर लहानपणापासून दर वैशाखात तिच्याबरोबर राब पेटवत आला होता.

तिने वर पाहिलं. तो अंगणाकडे बघत होता.

"हे तपासतं कोण?"

"सरकारचे साहेब. यंदा भातशेतीचा एक जाणकारही सोबत आणणार म्हणे. घाबरू नका, आम्ही बोलू त्यांच्याशी."

"नाय घाबरत. पेन दे."

तिने सावकाश पूर्ण नाव लिहिलं. मग मोरीवर जाऊन चुलीतल्या राखेने कोपरापर्यंत हात घासले. ओट्यावर हर्षित शेखरच्या पाठीवर थाप मारत होता.