डाव्या वळणावरचा हात

मी एक जुनी वडापची जीप आहे आणि मी सिनेमात काम केलेलं आहे. मित्रांनो, हसू नका. वाडीतली माणसं हसली तेवढं पुरे झालं.

माझा जन्म कारखान्यातला. तसा तो सगळ्याच गाड्यांचा असतो, त्यात सांगण्यासारखं काही नाही. मला खरा अर्थ आला तो माणदेशात, धुळाकडे आल्यावर. धुळाच्या घरात पिढ्यान्पिढ्या मेंढरं. त्यानं मेंढरं भावाच्या हवाली केली आणि मला घेतलं. म्हसवड ते दहिवडी हा आमचा रस्ता. शहरातल्या मुलांना वडाप म्हणजे काय ते सांगायला हवं. एस.टी. सकाळी एकदा तोंड दाखवून जाते, मग उरलेला दिवसभर माणसं नेणारी गाडी म्हणजे वडाप. नऊ जणांच्या जागेत सतरा बसवायचे आणि वाटेत अठराव्यानं हात केला की त्यालाही घ्यायचं. ह्या अठराव्याची जागा ड्रायव्हरच्या उजव्या अंगाला, दाराच्या बाजूला. दार तर काढूनच ठेवलेलं. धुळा डावीकडे सरकायचा आणि तिरका बसून मला हाकायचा.

हे चुकीचं होतं, मी कबूल करते. एकदा देवळाच्या डाव्या वळणावर अठराव्या जागेवरचा ज्ञानू सरळ बाहेर फेकला गेला. ज्ञानू म्हणजे हायस्कूलचा शिपाई, धुळाचा लहानपणापासूनचा सोबती. त्याचा खांदा निखळला. धुळानंच त्याला उचलून दवाखान्यात नेलं आणि तिथं पायरीवर बसून रडला.

तेव्हापासून धुळाला एक सवय जडली. डावं वळण आलं की त्याचा उजवा हात आपोआप आडवा जायचा, ज्ञानूच्या छातीवर. ज्ञानूही हट्टी. खांदा बरा झाल्यावर पुन्हा त्याच जागेवर बसला आणि निवृत्त होईपर्यंत, अकरा वर्षं, तिथंच बसला. गाडी सुटताना धुळा विचारायचा, "नीट बसलाईस का?" ज्ञानू म्हणायचा, "बसलोय. चल." दोघांचं सकाळचं बोलणं एवढंच, पण ते ऐकल्याशिवाय मीसुद्धा सुरू व्हायला कुरकुर करायचे.

ज्ञानू निवृत्त झाला त्याच वर्षी सिनेमावाले आले. 'नौवाँ संकेत' नावाचा हिंदी हेरपट होता. आपला हेर शत्रूच्या देशातून एका खटारा जीपमधून निसटतो, असा प्रसंग. शत्रूचा देश म्हणून त्यांनी कोयनानगरचा घाट धरला आणि खटारा म्हणून मला. मला राग आला, पण गेले.

मुंबईहून आलेल्या स्टंटवाल्याला मी काही जुमानलं नाही. माझा तिसरा गिअर गुडघ्यानं दाबून धरावा लागतो, नाहीतर सुटतो. दोनदा ऐन वळणावर मी बंद पडले. दिग्दर्शक वैतागला. शेवटी धुळाला नायकाचं काळं जाकीट चढवलं, डोक्यावर खोटे केस बसवले, डोळ्यांवर गॉगल दिला आणि पाठमोरं चित्रण करायचं ठरलं.

मित्रांनो, त्या घाटात आम्ही जे पळालो ते मी अजून विसरले नाही. मागे तीन गाड्या, खाली दरी. एका वळणावर माझं मागचं चाक रस्ता सोडून हवेत फिरत होतं. मला भीती वाटली. धुळालाही वाटली असणार, कारण स्टिअरिंग घामानं ओलं झालं होतं. आणि तरीही प्रत्येक डाव्या वळणावर त्याचा उजवा हात आडवा जात होता. शेजारी कुणीच नव्हतं. बसायचाही तो तिरकाच, ज्ञानूपुरती जागा सोडून. ते कुणाच्या ध्यानात आलं नाही. चित्रीकरणाच्या जागी मोबाईल बाहेर जमा करायला लावले होते, त्यामुळे आमचा एक फोटोसुद्धा नाही.

सिनेमा साताऱ्याला लागला तेव्हा धुळानं सगळी वाडी माझ्यात भरून नेली. ज्ञानू तेवढा लेकीच्या गावी गेला होता. मी बाहेर उन्हात उभी राहिले. स्वतःला पडद्यावर मी कधी पाहिलेलंच नाही. माणसं बाहेर आली. "धुळा, तू कुठं दिसला न्हाईस," एकजण म्हणाला. "पाठमोरा हाय मी," धुळा म्हणाला. शेवटी पडद्यावर नावांची भलीमोठी यादी येऊन गेली होती, तीत त्याचं नाव नव्हतं.

मग समीक्षकांचं लिहिलेलं आलं. ज्ञानू गावी परतला होता. वर्तमानपत्र माझ्या बॉनेटवर पसरून मोठ्यानं वाचायची त्याची रीत. पाच ताऱ्यांपैकी दीडच तारा. आणि पुढे, 'घाटातला पाठलाग म्हणजे निव्वळ संगणकाचा खेळ. नायकाच्या हालचालीसुद्धा जिवंत माणसाच्या वाटत नाहीत.' दुसऱ्या पेपरात एकानं पाठलागाचं तोंड भरून कौतुक केलं होतं, पण तेही संगणकावर काम करणाऱ्या पोरांचं.

"धुळा, समदं कंपूटरचं हाय म्हणं," ज्ञानू म्हणाला.

"आरं, मी चालवली गाडी. चाक हवेत हुतं."

"मग हितं छापलंय त्ये खोटं व्हय?"

ज्ञानूच्या मनात खोट नव्हती. आयुष्यभर शाळेत काढलेला माणूस, छापलेलं खोटं असतं हे त्याच्या डोक्यातच येत नसे. पण बाकीचे हसले. दुसऱ्या दिवसापासून धुळाचं नाव कंपूटर पडलं. "ओ कंपूटर, दोन जागा हायत का?" खरं काय ते मला माहीत होतं आणि मला तोंड नव्हतं. त्याचा जिवाभावाचा मित्र त्याला खोटा समजत होता, हे धुळाला सगळ्यात जास्त लागलं. दोन महिन्यांनी त्यानं मला मेंढरांच्या जुन्या वाड्यापाशी बाभळीखाली लावलं आणि उत्कर्षाकडे, म्हणजे लेकीकडे, सांगलीला निघून गेला.

चार वर्षं झाली. बॅटरी गेली, टायर बसले, टपावर शेरडं चढतात. शेजारच्या हरणाबाईची कोंबडी मागच्या सीटखाली अंडी घालते, तीच काय ती सोबत. दिवसभर रस्त्यावरून दुसऱ्या गाड्या जातात आणि मी प्रत्येकीचा आवाज ऐकते. मला फार एकटं वाटतं.

गेल्या महिन्यात एका सकाळी काठी टेकत ज्ञानू आला. उजव्या कडेला, त्याच्या जुन्या जागेवर बसला. बराच वेळ छातीवर हात ठेवून होता. मग त्यानं फोन लावला, स्पीकर मोठा करून.

"धुळा, ज्ञानू बोलतोय. काल टीवीवर बघितला तुजा पिच्चर."

ज्ञानू पुढे सांगू लागला.

"डावं वळण आलं की हात आडवा जातोय त्याचा. परत्येक बारीला. पेपरवाल्यांस्नी न्हाई कळायचं त्ये. त्यो हात मला ठावं हाय, धुळा. अकरा वर्सं माज्या छातीवर हुता." त्यानं छातीवरचा हात काढून माझ्या स्टिअरिंगवर ठेवला. "मी लय चुकलो गड्या. समद्या वाडीला सांगतो आता."

पलीकडून धुळानं विचारलं, "कुठनं बोलतुयास?"

"तुज्या गाडीतनं. माज्या जागंवर बसलोय."

तिकडून धुळा म्हणाला, "नीट बसलाईस का?"

"बसलोय," ज्ञानू म्हणाला. "चल."

मी अर्थातच हलले नाही. फोन ठेवून ज्ञानू तिथंच बसून राहिला, उन्हं वर येईपर्यंत.

तेव्हा मित्रांनो, कुणी सांगितलं की हे काम मी केलंय, तर छापलेलं पुढे करण्याआधी त्याच्या हाताकडे एकदा नीट बघा. ज्ञानूनं वाडीत सांगितलं, कंपूटर हे नाव आता कुणी घेत नाही. धुळा अजून आलेला नाही. कोंबडी हल्ली पुढे यायला बघते, पण ड्रायव्हरची जागा मी तिला देत नाही.