गाळातला कुरव

"अजून हलतोय," कॅमेऱ्याला डोळा लावून लीलाधर म्हणाला.

वच्छलाबाईंनी पदर कानांवरून घट्ट ओढून घेतला. जानेवारीतला वारा धरणाच्या पाण्यावरून थेट अंगात शिरत होता. "मग सोडवा ना त्याला," त्या म्हणाल्या.

कालव्याला पाणी सोडल्यामुळे धरण उतरलं होतं आणि काठापासून आत गाळाचा लांबलचक पट्टा उघडा पडला होता. त्याच्या टोकाशी, कुणीतरी टाकून दिलेल्या फाटक्या जाळ्यात एक कुरव अडकला होता. एक पंख जाळ्यात, दुसरा मोकळा. बाकीचा थवा पाण्यावर निवांत तरंगत होता.

धुळ्यात लीलाधरचा छोटा स्टुडिओ होता. लग्नं, बारशी, पासपोर्टचे फोटो. शिवाय हायवेवर अपघात झाला की पंचनाम्याच्या फोटोंसाठी पोलीस त्यालाच घेऊन जात. त्या दिवशी त्याला जेवण जात नसे. पक्ष्यांचा नाद त्यातूनच लागला. जिवंत असलेलं, आपल्याकडे लक्ष नसलेलं काहीतरी बघत बसलं की त्याला बरं वाटायचं. हिवाळ्यात समुद्रावरचे कुरव तापीच्या कडेकडेनं इतक्या आत येतात, हे त्यानं घरी बायकोला इतक्यांदा सांगितलं होतं, की या रविवारी डबा बांधून वच्छलाबाई आपणहून त्याच्याबरोबर निघाल्या.

लीलाधरनं चपला काढल्या, पॅन्ट दुमडली आणि तो गाळात उतरला. थोडं पुढे गेला नाही तोच मांडीपर्यंत रुतला. एक पाय उपसावा तर दुसरा आणखी खाली जाई. काठावर जाळं सांधत बसलेला उखर्डू नावाचा म्हातारा मासेमार लगबगीनं आला, त्यानं बांबू पुढे केला, आणि त्यानं नि वच्छलाबाईंनी मिळून लीलाधरला कसाबसा ओढून काढला.

"भाऊ, तठे जावू नका," धापा टाकत उखर्डू म्हणाला. "मागला साल मन्ही म्हैस तठेच गयी. बठ्ठा गाव ओढाले उना, पन निंघनी नही."

"आबा, तुमची नाव आहे ना?"

"नावले पानी लागस. तठे निस्ता गाळ शे." त्यानं बांबूवरचा गाळ पुसला. "काय करवानं भाऊ. पाखरू शे."

तो पुन्हा आपल्या जाळ्याकडे गेला. लीलाधर पायांवरचा गाळ तसाच ठेवून कॅमेऱ्यामागे बसला. थोड्या वेळानं वच्छलाबाईंनी त्याला बाजूला केलं आणि त्या लेन्समध्ये पाहू लागल्या. कुरवाचा डोळा दिसला. चोच उघडी होती. आवाज मात्र इथवर येत नव्हता.

"किती जवळ वाटतो हो," त्या म्हणाल्या. मग हळूच विचारलं, "हायवेवर पण तुम्ही असंच बघत उभे असता?"

"तिथं करण्यासारखं काही उरलेलं नसतं," लीलाधर म्हणाला. "तिथं सोपं असतं."

ऊन वर आलं तसा एक कावळा गाळावर उतरला. मग दुसरा. ते उड्या मारत जाळ्याजवळ सरकले. लीलाधर उठून टाळ्या वाजवू लागला. कावळे उडाले, घिरटी घालून परत बसले. तेव्हा वच्छलाबाईंनी डब्यातल्या भाकरी फडक्यात काढून ठेवल्या आणि चमच्यानं डब्याच्या झाकणावर ठणठण करायला सुरुवात केली. कावळे उडाले. त्याबरोबर पाण्यावरचा अख्खा थवाही उठला आणि पलीकडच्या काठाला गेला.

"तुमचे फोटो गेले," त्या म्हणाल्या.

"वाजव तू."

दुपारभर दोघं आळीपाळीनं झाकण वाजवत राहिली. हात दुखला की दुसऱ्यानं घ्यायचं. भाकरी फडक्यात वाळून गेल्या. गाळातला पंख आधी वरचेवर हलायचा, मग बऱ्याच वेळानं, मग नुसती टोकं थरथरायची. कावळे समोरच्या बाभळीवर जाऊन बसले होते. त्यांना कसली घाई नव्हती.

धुळ्याची शेवटची गाडी चुकवून चालणार नव्हतं. लीलाधरनं कॅमेरा पिशवीत भरला आणि भाकरींचं फडकं बांधलं, पण पाय काही निघेना. वच्छलाबाई उखर्डूपाशी गेल्या आणि झाकण, चमचा त्याच्यापुढे धरला.

"आबा, अंधार पडेपर्यंत वाजवाल का? अंधारात कावळे येत नाहीत."

म्हाताऱ्यानं झाकणाकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. "अंधार पडना तरी ते निंघाव नही, अक्का."

"माहीत आहे."

त्यानं झाकण घेतलं.

फाट्यावर गाडीची वाट बघणारं दुसरं कुणी नव्हतं. धरणाकडून ठणठण ऐकू येत होती. मध्ये थांबे, पुन्हा सुरू होई. लीलाधरच्या पायांवरचा गाळ वाळून त्याला तडे गेले होते. मग आवाज थांबला, आणि बराच वेळ झाला तरी पुन्हा आला नाही. अजून उजेड होता.

"आबा भाकर खायला गेले असतील," वच्छलाबाई म्हणाल्या.

"हो," लीलाधर म्हणाला.

दोघंही रस्त्याकडे बघत उभी राहिली. गाडी अजून आली नव्हती.