बॅकवॉटरचा गाळ

रोहिणीच्या पायाला भिंगरी आहे, असं एकलहऱ्याच्या कॉलनीत सगळे म्हणायचे. दर रविवारी हा किल्ला नाही तर तो डोंगर. मग सिन्नर फाट्याजवळ एका ट्रकनं तिची स्कूटी उडवली आणि कमरेखालची ताकद गेली. पाय गेले, भिंगरी मात्र राहिली, आणि अशी भिंगरी फार छळते. सात वर्षं रोहिणी खुर्चीत बसून घरादाराला भंडावून सोडत होती. घरभर नुसत्या येरझाऱ्या, चाकं घासून घासून दारांच्या चौकटींचा रंग गेलेला.

आता तिच्या डोक्यात पचमढी शिरली होती. व्हीलचेअरवाल्या दहा-बारा जणांचा एक ग्रुप एप्रिलमध्ये तिकडं निघाला होता आणि रोहिणीला घरचं कुणीही बरोबर न घेता त्यांच्यासोबत जायचं होतं. ती शाळेच्या ऑफिसात क्लार्क, स्वतः कमावती. परवानगी कुणाची लागत नव्हती. पण विमलाबाईंनी, तिच्या आईनं, सात वर्षं तिचं सगळं केलेलं. आईच्या होकाराशिवाय निघणं तिच्या जिवावर येत होतं. विमलाबाई हो म्हणेनात, नाहीही म्हणेनात. शेवटी म्हणाल्या, आधी एक दिवस आमच्याबरोबर बाहेर चल, काही घोळ न घालता परत ये, मग बघू.

म्हणून मार्चमधल्या एका रविवारी गंगापूर धरणाच्या बॅकवॉटरला जायचं ठरलं. जागा धाकट्या भावानं, बंटीनं शोधलेली. गाडी थेट पाण्यापर्यंत जाते, एक पायरी नाही, मी स्वतः बघून आलोय, असं तो छातीठोकपणे सांगत होता. बघून आला होता हे खरं, पण दिवाळीत! दिवाळीत धरण तुडुंब असतं आणि मार्चपर्यंत निम्मं पाणी कालव्यांना गेलेलं असतं, हे नाशिकच्या शेंबड्या पोरालाही कळतं. गाडी थांबली तिथून पाणी दोनशे पावलं लांब होतं आणि मध्ये नुसता वाळलेला, भेगाळलेला गाळ.

इथूनही छान दिसतं की, असं म्हणून बंटीनं वेळ मारून नेली. मग तो, त्याची बायको ललिता आणि विमलाबाई बाजूच्या खडकांवरून पाण्याकडे निघाले. जाताना रोहिणीच्या मांडीवर मोबाइल आणि पर्स आली, खुर्चीला पिशव्या अडकल्या, पायाशी डबे लागले. सामानाजवळ कुणीतरी हवंच, ही त्या घरची रीत, आणि ते कुणीतरी सात वर्षं रोहिणीच होती. लग्नात तीच, बागेत तीच. ‘आलोच’ म्हणून गेलेली माणसं अर्ध्या तासानंही आली नाहीत.

तिला मनापासून राग आला. खुर्ची गाळात अडकली तर पचमढी गेली, हे तिला पक्कं ठाऊक होतं. पण इथंच बसून राहिलं तर पचमढीला जाऊन तरी काय करायचं, तिथंही डबेच सांभाळायचे? तिनं पिशव्या काढून खाली ठेवल्या, मांडीवरचं सगळं त्यांत कोंबलं आणि ब्रेक सोडला.

पुढची छोटी चाकं भेगांत अडकायची. मग ती मागं रेलून चाकं उचलायची आणि मोठ्या चाकांवर खुर्ची रेटायची. दंड भरून आले, तळहात सोलवटले, आणि तरी तिला इतकं बरं कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं. अर्ध्याहून पुढं गेल्यावर माती काळी दिसायला लागली. आधी छोटी चाकं रुतली, मग मोठी. पाणी उरलं होतं तीसेक पावलं.

तिनं हाक मारली नाही. खुर्चीतून खाली उतरली, पाण्याकडे पाठ केली आणि हातांवर जोर देत बसल्या बसल्या मागं सरकायला लागली. पाण्याचा गारवा तळहातांना लागला तेव्हा ती मोठ्यानं हसली.

तेवढ्यात खडकांवरून कुणाला तरी रिकामी खुर्ची दिसली. विमलाबाईंचा आवाज सगळ्या धरणावर गेला. बंटी आडवा धावत सुटला, सरळ ओल्या गाळातून. सहाव्या पावलाला तो गुडघ्यापर्यंत गेला, आणि पाय ओढायला लागला तसा मांडीपर्यंत. त्याचा चेहरा पांढराफटक पडला.

“बंटी, उभा राहू नको. बस.”

“कुठं बसू? चिखलात?”

“बस म्हणते ना. मागं रेल. उभं राहिलं की रुततं इथं.”

तो बसला. रोहिणी सरकत सरकत त्याच्यापर्यंत गेली, त्याच्या पायाभोवतीचा गाळ तिनं दोन्ही हातांनी उकरला आणि एकेक पाय मोकळा केला. बूट आतच राहिले. मग ती पुढं आणि तिचा धडधाकट भाऊ मागं, दोघंही बुडावर सरकत कोरड्या गाळावर आले. विमलाबाई तोवर तिथं येऊन ललिताला घट्ट धरून उभ्या होत्या.

त्या खाली बसल्या. आधी त्यांनी रोहिणीच्या टाचा बघितल्या, कुठं सोललंय का, कारण तिला ते कळलं नसतं. पदरानं टाचा पुसल्या. रोहिणी रडायच्या बेतात होती.

“झाला ना घोळ,” ती म्हणाली. “आता नाही पाठवणार तू.”

विमलाबाईंनी अनवाणी, चिखलानं माखलेल्या बंटीकडे पाहिलं. मग रोहिणीकडे.

“गाडी नाशिकरोडहूनच आहे ना?”

“हो.”

“मग मी स्टेशनपर्यंत येते. पुढं तुझी तू.”