बोळक्या तोंडातले सात किडे

वडाळे तळ्याच्या काठी त्या दिवशी अशी गर्दी लोटली, की सुके बोंबील विकणाऱ्या बायाही पाट्या उघड्या टाकून पुढे घुसल्या. चिंचेखाली दंतसिद्ध महाराज बसले होते. समोर परातीत पाणी, पाण्यात दगड, दगडावर तापवून लाल केलेलं लोखंड. त्यावर चिमूटभर 'सिद्ध भस्म' टाकून वर मडकं पालथं घालायचं. मडक्याच्या बुडाला भोक, भोकात पपईच्या देठाची नळी, आणि नळीच्या टोकाला रोग्याचं तोंड. घटकाभराने मडकं उचललं, की पाण्यावर पांढरे, वाकडे किडे तरंगत!

"बघा! मुखात नरक घेऊन हिंडत होता हा!" महाराज गरजायचे. "सकाळी तोंडाला वास का येतो? रात्रभर आत यांची जत्रा भरते!"

लोक हात जोडत आणि तोंडं घट्ट मिटून घेत.

पुढेच वेणू उभी होती, तोंडावर पदर दाबून. लग्नाला जेमतेम चार महिने झाले होते, आणि नवऱ्याने, बळीरामने, तिला बेलपाड्याहून पनवेलला माहेरी आणून सोडलं होतं. "सकाळी हिचे तोंडाला घाण वास येतो. वास गेला का धाडा हिला," एवढं बोलून तो उलट पावली एस.टी.त बसला. महाराजांनी कालच निदान केलं होतं. वेणूचा 'राजकिडा' वरच्या पुढच्या दोन दातांच्या मुळाशी होता. आधी धुरी, मग दोन्ही दात उपटायचे. पक्कड फडक्यावर तयारच होती. वेणू लहानपणापासून त्याच दातांनी ऊस सोलत आली होती.

तिचा नंबर आला. तिची नजर पकडीवर गेली.

"आदी माजे आजीला बगा," ती कशीबशी म्हणाली आणि सोबत आलेल्या भीमाआजीला पुढे ढकललं.

आजीने निमूट नळी तोंडात धरली. धूर झाला, मडकं उठलं.

"सात!" महाराज ओरडले. "सातही दाढांतले!"

आजीने नळी काढली आणि आपलं बोळकं सगळ्या गर्दीला दाखवलं. "आरं मुडद्या, माजी शेवटची दाढ पडली त्याला बारा वर्सं झाली! हे किडं काय हिरड्यांवर शाळा भरवून बसले व्हते?"

गर्दी खदखदून हसली. महाराज डगमगले नाहीत. "माई, हे मागल्या जन्मीच्या दातांचे!"

"मग आता तोंडाशिवायच धूर करू या," मागून आवाज आला. दवाखान्यातल्या नर्स शुलामिथबाई छत्री मिटून पुढे आल्या. महाराज नको नको म्हणेपर्यंत त्यांनी भस्म टाकून मडकं पालथं घातलंही. नळी मोकळीच. शंभर आकडे मोजले, मडकं उचललं. पाण्यावर अकरा किडे!

"मडक्याला दात आहेत का हो, महाराज?"

बाईंनी उरलेलं भस्म तळहातावर चोळलं, तशा राखेतून चपट्या बिया निघाल्या. वेणू वाकून बघते तो काय! "ही तं भुईरिंगणीची बी हाय! आमचे बांधावर काट्यांत पिवळी फळं लागतात."

"तेच. तूप लावलेली बी तापली की फुटते, आतला पांढरा कोंब उडून पाण्यात पडतो. हा तुमचा किडा."

महाराजांना एकाएकी समाधीची वेळ झाली. परात मागे राहिली, पक्कडही.

"पन बाई, वास तर खराच येतो ना," वेणू हळूच म्हणाली.

"सासरी जेवतेस कधी?"

"सगल्यांचे मागून. सुकट-भात."

"आणि चूळ?"

"पानी अंगनात. सासू दारात खाट टाकून निजते. तिला उठवू कशी?"

बाईंनी तिला चिंचेखाली बसवलं. मग म्हणाल्या, "अगं, रात्री तोंड कोरडं पडतं. अडकलेलं अन्न कुजतं, जिभेवर थर चढतो. निजताना दात घास, खळखळून चूळ भर. सकाळी जीभ खरवड. तरी वास राहिला तर दवाखान्यात ये, हिरड्या बघू. मांत्रिकाकडे जाऊ नकोस."

पंधरा दिवसांनी बळीराम तिला न्यायला पहिल्या एस.टी.ने आला. वेणू दारातच उभी राहिली.

"येते. पन रातचा पान्याचा तांब्या माजे उशाशी पायजे. आनि आदी तुमी आ करा."

बळीरामने बावचळून तोंड उघडलं. रात्रीच्या विड्या आणि सकाळचं पारोसं तोंड! भीमाआजी दोन पावलं मागे सरली. "जावयबापू, तुमचे तोंडात तर अख्खा महाराज बसलाय!"

सकाळी वास सगळ्यांच्याच तोंडाला येतो, राजाच्याही आणि बाबाच्याही. त्याला करणी लागत नाही, की राजकिडा लागत नाही. तेव्हा कुणापुढे तोंड उघडण्याआधी आरशात आपली जीभ बघावी, आणि धूर दिसला तर मडकं उचलून बघावं.

वेणूचे ते दोन दात पुढे पन्नास वर्षं ऊस सोलत होते.