विमान पाडलं ते मी

मी रिमोट. टीव्हीचा नव्हे, विमानाचा. घरी बनवलेली लहान विमानं माझ्या इशाऱ्यावर उडतात. आज जे सांगणार आहे, त्यात माझी शोभा नाही. तरी सांगतो.

खोक्यातून बाहेर आलो तो निपाणीत, मायाप्पांच्या घरी. त्यांनी तीस वर्षं बेळगावात लेथवर काम केलं. शाळा चौथीपर्यंत. निवृत्तीनंतर थर्माकोल आणि बांबूच्या कामट्यांची विमानं करू लागले. त्यांची मुलगी पारमिता बेळगावात इंजिनीअर. मला तिनंच आणलं.

माझ्या पोटात लहानसा कॉम्प्युटर आहे. कुठल्या विमानाचे पंख कसे हलवायचे, ते मला आधी शिकवावं लागतं. उडवताना यादीतून त्या विमानाचं नाव निवडायचं. यादी इंग्रजीत. मायाप्पांना इंग्रजी येत नाही.

"अक्षरं शिकवते की आप्पा," पारमिता म्हणायची.

"कशाला? बोटं शाणी हायत माझी."

त्यांनी वहीत बाण काढले. खाली एकदा, मग दाबायचं: पांढरं विमान. खाली दोनदा, मग दाबायचं: तांबडं. सगळ्यात वर एका मोडलेल्या विमानाचं नाव होतं.

"म्हातारं शाळंत निघालंय," त्यांची बायको शेवंताबाई हसायची. "परीक्षा कवा?"

"पास झालो की तुला बसवतो विमानात."

"थर्माकोलच्या? मोडंल की हो!"

मग तो रविवार आला. माळावर पंधरा-वीस ओळखीची माणसं जमणार होती. कुणाच्या मदतीशिवाय मायाप्पा पांढरं विमान उडवणार होते. सकाळी पारमितानं मोडलेल्या विमानाचं नाव यादीतून पुसलं.

"आप्पा, आता पांढरं सगळ्यात वर हाय. खाली जायचं न्हाय."

"व्हय, व्हय," विमानाचा पंखा आवळत ते म्हणाले. त्यांचं लक्ष नव्हतं. माझं होतं.

माळावर त्यांनी सवयीनं खाली एकदा दाबलं. तांबडं निवडलं गेलं. तांबड्याच्या पंखाची पट्टी हलवणारी मोटर उलटी बसवलेली, म्हणून त्याला मी उजव्याचं डावं करून सांगतो. आता तेच पांढऱ्याला सांगू लागलो.

"पंखाची पट्टी हलवून बघा आधी," पारमिता म्हणाली.

"बघितली," मायाप्पा म्हणाले. बघितली नव्हती. माणसं बघत होती ना.

विमान चढलं. त्यांनी उजवीकडे वळवलं, ते डावीकडे कललं. त्यांनी आणखी जोर लावला, मी आणखी उलट नेलं. शेजारच्या जयाबाईंच्या पायांपासून हातभर अंतरावर ते आदळलं.

"तुला कुणी सांगितलंतं त्यात बोटं घालायला?" मायाप्पा सगळ्यांदेखत पारमितावर ओरडले. "चांगलं चाललंतं माझं!"

"चुकलं आप्पा," ती म्हणाली. तुकडे गोळा केले आणि दुपारच्या गाडीनं बेळगावला गेली.

दुसऱ्या दिवशी मायाप्पांनी वही उघडून मला चालू केलं. यादीत दोनच नावं. बाणांवर बोट ठेवून मोजलं, पुन्हा मोजलं. मग मला बंद करून कपाटावर ठेवलं.

चार रविवार पारमिता आली नाही.

"पोरगी का येईना?" शेवंताबाईनं विचारलं.

"काम असंल."

मी वरून ऐकत होतो. बॅटरी उतरली की मी कोकलतो. माणसाच्या अंगावर विमान जाताना मात्र मुकाट राहिलो. सांगितलं तेवढं केलं, ही काय सबब झाली?

आज मायाप्पांनी मला खाली घेतलं. मांडीवर ठेवून फोन लावला.

"पारमिता, नाव मीच चुकीचं निवडलंतं. तू सांगितलंतंस. मी ऐकलं न्हाय."



"म्हाईत हाय आप्पा. तवाच मी रिमोटच्या पडद्यावर बघितलं."

"मग बोलली का न्हाईस?"

"माणसं हुती की तिथं."

मायाप्पांनी चष्मा काढला. पुसला नाही, हातातच धरून बसले.

"ह्या रविवारी ये," ते म्हणाले. "त्याच माणसांना बोलावतो. त्यांच्यासमोर सांगतो."

माझी बॅटरी उतरत आली आहे. मला माफी नको. रविवारपर्यंत त्यांचं मन बदलू नये, एवढंच मागणं आहे.